वजनाचा फोटो: घाटातली मालगाडी बघताना आणि टिपताना

कॅलिफोर्नियातल्या टेहॅचपीच्या डोंगरात मी पहिल्यांदा मालगाड्यांचे फोटो काढायला गेले, तेव्हा दिवसभरात चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन बघते तर एकाही फोटोत घाट नव्हता. इंजिनं होती, रंग होते, आकाश निळंशार होतं, पण गाडी सपाटीवरून निवांत चालल्यासारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती धापा टाकत चढत होती. माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती, शेजारच्या कुंपणाची तार झणझणत होती. यातलं काहीच फोटोत उतरलं नव्हतं.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. घाटात नेमकं काय चाललेलं असतं हेच मला कळलेलं नव्हतं. मालगाडी म्हणजे चालतं वजन. सपाटीवर हे वजन गपगुमान असतं, घाटात ते बोलायला लागतं. ते स्वतः दिसत नाही, पण त्याच्या खुणा दिसतात, ऐकू येतात, कधी कधी नाकालाही कळतात. त्या खुणा ओळखता आल्या की कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं आणि कधी क्लिक करायचं याची निम्मी उत्तरं मिळून जातात. म्हणून आधी थोडं वजनाबद्दल, मग कॅमेऱ्याबद्दल.

दोन टक्के म्हणजे किती?

रेल्वेचा चढ टक्क्यांत मोजतात. दोन टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २ मीटर वर. कोन काढला तर जेमतेम सव्वा अंशसुद्धा भरत नाही. एवढ्या चढावर सायकलवाल्यालाही फारसं काही वाटणार नाही. मग मालगाडी का धापा टाकते?

याचं उत्तर रेल्वेच्या मूळ गुणातच आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकतं ती जागा एखाद्या लहानशा नाण्याएवढी असते. घर्षण अगदी कमी. सपाटीवर एक टन माल हळू वेगाने ओढत न्यायला दीड-दोन किलो वजनाएवढा जोर पुरतो. रेल्वे स्वस्त पडते ती याच्याच जिवावर. पण दोन टक्के चढ आला की त्याच एका टनाला वर खेचायला आणखी २० किलोचा जोर लागतो. दोनाचे एकदम बावीस झाले. चढ डोळ्यांना सव्वा अंशाचा दिसतो, पण इंजिनाच्या लेखी काम दहा-अकरा पट झालेलं असतं. रस्त्यावरच्या ट्रकला असा धक्का बसत नाही, कारण त्याच्या टायरचं घर्षण सपाटीवरही बरंच असतं. सपाटीवरच्या सुखाची किंमत रेल्वे घाटात मोजते.

आता गाडी घेऊ. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि माल मिळून ८,००० टन. अमेरिकेतल्या डोंगरी मार्गांवर हा आकडा काही अचाट नाही. दोन टक्के चढावर तिला ओढायला अंदाजे १७५ टनांचा जोर हवा. आजचं ४,४०० अश्वशक्तीचं सहा आसांचं (आस म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा) डिझेल इंजिन हळू वेगात सतत पाऊणशे टनांच्या आसपास ओढू शकतं. म्हणजे निदान तीन इंजिनं हवीत. वळणं आणि ओले रूळ धरले तर चार. आणि चार लावली तरी त्या शक्तीत गाडी ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर जात नाही. आपल्याला फोटोत संथ दिसणारी गाडी खरं तर सगळी ताकद लावून तेवढीच पळत असते. ती सावकाश चाललेली नाही, तिला यापुढे जमतच नाही.

इंजिनाला ताकद असून भागत नाही, चाकाने रूळ पकडायलाही हवा. जे कमी घर्षण सपाटीवर वरदान होतं, तेच इथे आडवं येतं. सकाळचं दव, पावसाची पहिली सर, रुळावर चिरडलेली पानं, एवढंही चाक जागच्या जागी फिरायला पुरतं. म्हणून इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात आणि चाकापुढे बारीक नळीतून वाळू फुंकली जाते. चढाच्या अवघड जागी रुळांजवळची जमीन नीट बघा. खडीवर पिवळसर पांढुरकी पूड साचलेली दिसते. माझ्या दृष्टीने ती चांगल्या जागेची पाटी आहे. इथे गाड्या झगडतात, इथेच थांबावं.

मागचं इंजिन ढकलतं का?

नवख्या माणसाचा हमखास प्रश्न. ताकदच हवी असेल तर सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत?

कारण कपलिंग. दोन वाघिणींना जोडणाऱ्या कपलिंगचा जो हाताच्या पंज्यासारखा वळणारा भाग असतो, तो साधारण पावणेदोनशे टनांच्या ओढीला तुटायला येतो. तो मुद्दामच बाकीच्या सांगाड्यापेक्षा कमकुवत ठेवलेला असतो, घरातल्या फ्यूजसारखा. तुटायचंच तर हे तुटू दे, वाघिणीचा कणा नको. हा तुकडा ३५-४० किलोंचा असतो. तुटला तर गाडीवरच्या माणसाला नवा तुकडा घेऊन खडीवरून तिथवर जावं लागतं, आणि गाडी दोन किलोमीटर लांब असेल तर ती पायपीट किती, याचा विचार करा. वर काढलेला १७५ टनांचा आकडा आठवला का? आपली ८,००० टनांची गाडी पुढून ओढायची म्हटलं तर पहिलंच कपलिंग तुटायच्या काठावर येतं. पुढे दहा इंजिनं लावली तरी उपयोग नाही.

म्हणून ताकद वाटून देतात. दोन-तीन इंजिनं पुढे, एखाद-दोन मध्ये किंवा शेवटी. आपल्याकडे भोर घाटात कर्जतहून वर चढताना गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, तत्त्व तेच. तिथला चढ ३७ला १, म्हणजे जवळजवळ २.७ टक्के. १८६३ साली हा मार्ग सुरू झाल्यापासून त्या चढाने कुणाला सूट दिलेली नाही. अमेरिकेत आता मागच्या इंजिनात बहुतेक वेळा माणूसच नसतो. पुढचा चालक रेडिओवरून तीही चालवतो.

वळणावर आणखी एक भानगड होते. पुढून जोरात ओढलं की गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ व्हायला बघते. वळणावर रिकाम्या, हलक्या वाघिणी असतील तर त्या आत ओढल्या जाऊन रुळांवरून उतरू शकतात. म्हणून कुठली वाघीण गाडीत कुठे लावायची याचेही नियम असतात. पुढे जड, मागे हलक्या अशी रचना दिसली तर ती उगाच नसते.

फोटो काढणाऱ्याला यातून एक साधा धडा मिळतो, आणि मी तो एक उत्तम फोटो गमावून शिकले. पुढची इंजिनं गेली की कॅमेरा खाली ठेवायचा नाही. बहुतेक जण तेच करतात. गाडीचं तोंड गेलं, संपलं. मी पाणी प्यायला वळले आणि तेवढ्यात मागचं एकटं इंजिन, काळा धूर सोडत, शंभर वाघिणींना खांदा लावून माझ्यासमोरून निघून गेलं. गाडीभर पसरलेली शांतता आणि शेवटी हा एकटा हमाल. घाटाचा खरा फोटो तोच होता.

उतार जास्त अवघड असतो

चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. फजिती होते, खोळंबा होतो, पण जीव जात नाही. उतरताना तसं नाही.

त्याच ८,००० टनांच्या गाडीला दोन टक्के उतारावर ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचं नसेल, तर सतत जवळजवळ १० मेगावॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. एक किलोवॅटच्या दहा हजार इस्त्र्या एकदम चालू आहेत असं समजा. एवढी उष्णता टाकायची कुठे? जागा दोनच आहेत.

पहिली जागा इंजिनात. डिझेल इंजिनातलं डिझेल थेट चाक फिरवत नाही. ते वीज तयार करतं आणि चाकांवरच्या मोटारी त्या विजेवर फिरतात. उतरताना या मोटारी उलट्या कामाला लावतात. चाकं मोटारींना फिरवतात, मोटारी वीज तयार करतात, आणि त्या ओढीने चाकं मंदावतात. तयार झालेली वीज इंजिनाच्या वरच्या भागातल्या जाळ्यांमध्ये उष्णता करून हवेत सोडतात. याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. जाळ्या थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा आवाज चढाच्या गुरगुरण्यापेक्षा अगदी वेगळा असतो. लांबूनच एकसुरी, उंच पट्टीतला घों-घों ऐकू येतो. गाडी दिसायच्या आधी ती चढतेय की उतरतेय हे कानाने ओळखायचं, तर हीच खूण. दुर्बिणीतून किंवा लांब लेन्समधून बघितलं तर इंजिनाच्या माथ्यावर हवा वितळल्यासारखी हलताना दिसते.

दुसरी जागा वाघिणींच्या चाकांवर, म्हणजे हवेचे ब्रेक. यात एक उलटी गंमत आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. गाडीभर एक नळी जाते आणि तिच्यात दाबाने हवा भरलेली असते. दाब वाढवल्यावर ब्रेक लागतात असं आपल्याला वाटतं, पण होतं उलट. दाब कमी केला की ब्रेक लागतात. प्रत्येक वाघिणीला हवेची स्वतःची टाकी असते. नळीतला दाब पडला की वाघिणीवरचा व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेककडे सोडतो. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८७२ साली काढलेली ही युक्ती. फायदा उघड आहे. गाडी मधेच तुटली, नळी फाटली, तर दाब आपोआप पडतो आणि दोन्ही तुकडे आपले आपण थांबतात.

पण लांब उतारावर हीच रचना अंगाशी येऊ शकते. अमेरिकी मालगाडीचे ब्रेक थोडेसे सैल करता येत नाहीत. सोडले की पूर्ण सुटतात. सुटल्यावर वाघिणींच्या टाक्या पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि गाडी लांब असेल तर बराच लागतो. घाईत पुन्हा ब्रेक लावले तर टाक्या अर्धवट भरलेल्या, त्यामुळे जोर कमी. असं दोन-तीनदा झालं की नळाला पाणी यायच्या आत बादल्या उपसत बसल्यासारखं होतं, आणि एका क्षणी हातात काहीच उरत नाही. म्हणून जुने चालक माथ्यावरच वेग मारतात आणि जेवढ्याने चढलो त्याहून हळू उतरायचं हे पाळतात. तीव्र उतारावरून येणारी गाडी जवळून गेली की तापलेल्या लोखंडाचा आणि ब्रेकच्या ठोकळ्यांचा जळका वास मागे रेंगाळतो. कधी चाकांभोवती निळसर धूरही दिसतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. उष्णता जिथे जायला हवी तिथेच जातेय.

ती तशी न जाण्याचं उदाहरण टेहॅचपीपासून फार लांब नाही. टेहॅचपीला रुळांचं एक मोठं वेटोळं आहे, त्याकडे मी येतेच. त्या वेटोळ्याच्या मधोमध टेकडीवर एक मोठा पांढरा क्रूस उभा आहे. माझ्या पहिल्या दिवसाच्या निम्म्या फोटोंत तो होता आणि मला तो चक्क अडचण वाटला होता. नंतर कळलं, की तो दोन रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणीत उभारलेला आहे. १२ मे १९८९ रोजी ट्रोना नावाचं खनिज भरलेल्या ६९ वाघिणींची गाडी कहोन घाटातून सॅन बर्नार्डिनोकडे उतरत होती. कागदपत्रात मालाचं वजन अंदाजाने लिहिलं गेलं होतं. गाडी कागदावर सुमारे ६,१०० अमेरिकन टनांची होती, प्रत्यक्षात ९,००० च्या जवळ. चालकाने उताराचा हिशेब कागदावरच्या गाडीला धरून केला. शिवाय काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक काम करत नव्हते आणि हे त्याला पूर्ण माहीत नव्हतं. शेवटी मागच्या इंजिनातून आपत्कालीन ब्रेक लावले गेले, तेव्हा त्या काळच्या रचनेप्रमाणे उरलेसुरले डायनॅमिक ब्रेकही बंद पडले. ताशी ५६ किलोमीटरच्या वळणावर गाडी १७५ च्या वर वेगाने आली आणि घरांवर कोसळली. गाडीवरचे दोघे आणि घरांतले दोघे गेले. तेरा दिवसांनी तिथली जमिनीखालची पेट्रोलची वाहिनी फुटून आणखी दोघांचा बळी गेला.

त्यानंतर मी क्रूस फ्रेमच्या बाहेर ठेवायचा प्रयत्न सोडून दिला.

वेटोळी

चढ फार झाला तर काय करायचं? लांबी वाढवायची. डोंगर तेवढाच उंच, वाट मात्र लांब, म्हणजे टक्का उतरतो. घाटातली सगळी नागमोडी वळणं, बोगदे, वेटोळी या एका साध्या भागाकारातून आलेली आहेत.

टेहॅचपीचं वेटोळं १८७६ साली पूर्ण झालं. आखणी विल्यम हूड या अभियंत्याची, हातांची मेहनत मुख्यतः चिनी मजुरांची. रूळ एका टेकडीभोवती सव्वा किलोमीटरच्या आत पूर्ण गोल फिरतात आणि २३ मीटर वर येऊन स्वतःच्याच डोक्यावरून जातात. गाडी वेटोळ्यापेक्षा लांब असेल, आणि इथल्या बऱ्याच गाड्या असतात, तर तिची इंजिनं वरच्या रुळांवरून जात असताना तिच्याच मागच्या वाघिणी खालच्या बोगद्यात शिरत असतात. जगातल्या फार थोड्या जागी गाडी स्वतःला ओलांडताना अशी उघड्यावर दिसते. नियमित प्रवासी गाडी या मार्गावर १९७१ पासून नाही, किनाऱ्याचा मार्ग बंद पडला तर एखादी वळवून आणतात तेवढीच. बाकी सगळं राज्य मालगाड्यांचं.

पेन्सिल्वेनियात अल्टूनाजवळचं नालाकृती वळण याहून जुनं, १८५४ चं. तिथे वळणाच्या आतच प्रेक्षकांसाठी बाग आहे, गाडी तुमच्या तिन्ही बाजूंनी फिरते. कॅनडातल्या किकिंग हॉर्स खिंडीची गोष्ट मात्र अंगावर येणारी आहे. तिथे घाईत आणि पैशांच्या ओढाताणीत १८८४ साली साडेचार टक्क्यांचा उतार बांधला. बांधकामाच्या पहिल्याच गाडीचा ताबा सुटला आणि तीन माणसं गेली. पंचवीस वर्षं तो उतार तसाच वापरला. १९०९ साली डोंगराच्या पोटात दोन गोल बोगदे खोदले, तेव्हा तो २.२ टक्क्यांवर आला. आज हमरस्त्यालगतच्या सज्जातून एकाच गाडीचं तोंड वरच्या भोकातून बाहेर आणि शेपूट खालच्या भोकात, असं दृश्य दिसतं. स्वित्झर्लंडच्या जुन्या गॉटहार्ड मार्गावर वासेन गावचं चर्च वेटोळ्यांमुळे तीनदा दिसतं, तीन वेगळ्या उंचींवरून. पण तिथे आता मालगाड्यांसाठी जाण्यात फारसा अर्थ नाही. २०१६ साली ५७ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा सुरू झाला आणि बहुतेक मालगाड्या डोंगराखालून सपाट निघून जातात. रेल्वेच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. आमच्यासारख्यांचा विचार करून कुणी बोगदे खोदत नाही.

गाडी कधी येणार?

मालगाडीला प्रवाशांना वाचता येईल असं वेळापत्रक नसतं. मग अंदाज कशावर बांधायचा?

एकेरी मार्गावर सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे थांबलेली गाडी. सायडिंगला, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, एखादी गाडी उभी असेल तर ती कुणाची तरी वाट बघते आहे. हललीच नाही तर आणखी एखादी यायची आहे. सिग्नलही बोलतात. काही मार्गांवर ते एरवी विझलेले असतात आणि गाडी जवळच्या टप्प्यात आली की पेटतात. अमेरिकेत बरेच हौशी लोक रेल्वेचा रेडिओ ऐकतात, आणि त्यात माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे रुळालगतची तपासयंत्रं. गाडी वरून गेली की हे यंत्र चाकांचे आस मोजतं, कुठला तापलाय का बघतं, आणि नोंदवलेल्या आवाजात रेडिओवर सांगून टाकतं: दोष नाही, आस इतके. ४४० आस ऐकू आले की चारने भागायचं, कारण एका वाघिणीला चार आस. अंदाजे ११० वाघिणी येताहेत, अर्ध्या तासात. कुठल्याशा माळावर एकटं उभं राहून एक यंत्र दिवसरात्र गाड्यांचे आस मोजत असतं, या कल्पनेतच काहीतरी आहे.

कानांवर मात्र विसंबू नका. डोंगरात आवाज फसवतो. चढणारी गाडी पंधरा मिनिटं आधी ऐकू येते, मग एका सुळक्याआड जाते आणि गप्प होते. आपण खुर्ची आवरतो, आणि ती समोर येऊन उभी. उतरणारी गाडी तर वारा उलटा असेल तर जवळ येईपर्यंत कळतच नाही.

ती कळते तेव्हा आणखी एक आवाज लक्ष देऊन ऐका. प्रत्येक कपलिंगमध्ये काही सेंटिमीटरची मोकळीक असते. शंभर वाघिणींची मिळून ती दहा-पंधरा मीटरसुद्धा भरते. चालकाने वेग बदलला की ही मोकळीक मिटत किंवा ताणत जाते आणि खडाड्-खडाड्-खडाड् असा आवाज गाडीभर एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे पळत जातो. तो तुमच्यासमोरून जातो तेव्हा वजन हलल्याचं चक्क ऐकू येतं.

आता कॅमेरा

सव्वा अंशाचा चढ फोटोत दाखवायचा कसा? कॅमेरा जरा कलला तरी तो मारला जातो, कारण आपण नकळत रुळांची रेघ फ्रेमला समांतर करून टाकतो. माझे पहिले चारशे फोटो असेच वाया गेले. उपाय म्हणजे फ्रेममध्ये काहीतरी खरोखर उभं किंवा खरोखर आडवं असू द्यायचं. झाडाचा सरळ बुंधा, तारेचा खांब, तळ्याचं पाणी. त्याच्याशी तुलना झाली की डोळ्याला चढ लगेच जाणवतो. दुसरा उपाय, मार्गाचे दोन मजले एका फ्रेममध्ये घ्यायचे.

लेन्स लांब घ्या. डोंगर मोठे म्हणून रुंद लेन्स लावायचा मोह होतो आणि त्यात गाडी काडेपेटीएवढी होते, चढ तर गायबच. २०० ते ३०० मिलिमीटरच्या लेन्सने वळणावरून समोर बघितलं तर अंतर दाबलं जातं, वाघिणी एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात आणि रुळांचा प्रत्येक वळसा, प्रत्येक चढ फुगून दिसतो. लांब लेन्सचा तोटा एकच, उन्हाच्या तापाने हवा हलते. म्हणून सकाळ.

सकाळचंही डोंगरात गणित वेगळं. सपाटीवर सूर्य उगवतो तेव्हा दरीत अजून सावली असते. ऊन रुळांपर्यंत उतरायला दीड-दोन तास लागू शकतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारावरचा मार्ग हिवाळ्यात दिवसभर सावलीत राहू शकतो. आदल्या दिवशी जाऊन ऊन कुठून कुठे सरकतं ते बघून ठेवणं हे मी सगळ्यात उपयोगी काम मानते, आणि ते करायचा कंटाळाही मला सगळ्यात जास्त येतो. रूढ सल्ला असा, की सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि इंजिनाचं तोंड व एक बाजू उजळलेली हवी. छापील रंग आणि क्रमांक दिसावेत म्हणून तो बरोबर आहे. पण धूर, वाळू, ब्रेकचा निळसर धूर, तापलेली हवा हे सगळं उलट्या प्रकाशातच दिसतं. वजनाचा फोटो हवा असेल तर कधीतरी सूर्याकडे तोंड करून उभं राहा.

वेगाची चिंता नको. ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. एक पंचशतांश सेकंदात गाडी दीड सेंटिमीटरही सरकत नाही. दूरवरून बघता ती गोठलेलीच येते. अडचण होते ती इंजिनाच्या दिव्यांची. समोरचा झगझगीत दिवा बघून कॅमेरा बिचकतो आणि बाकी सगळं काळं करतो. गाडी येण्याआधीच रिकाम्या रुळांवर प्रकाश मोजून आकडे पक्के करून ठेवा.

उभं कुठे राहायचं? वळणाच्या आत उभं राहिलात तर पूर्ण गाडी कमानीसारखी दिसते. बाहेर राहिलात तर तोंड अंगावर येतं, पण मागची गाडी लपते. उंचावरून लांबी दिसते, खालून वजन दिसतं. मला खालून आवडतं, रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून. कपडे खराब होतात.

आणि कुठे उभं राहायचं नाही

रुळांवर आणि रुळांलगत कधीच नाही. अमेरिकेत रुळांभोवतीची जमीन रेल्वे कंपनीच्या मालकीची असते, तिथे शिरणं गुन्हा आहे. इतर देशांतही कायदा फार वेगळा नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, वाघिणी रुळांच्या बाहेर बऱ्याच येतात, माल बांधायची तुटलेली पोलादी पट्टी एखाद्या वाघिणीतून तलवारीसारखी लटकत असू शकते, आणि दुहेरी मार्गावर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकूच येत नाही. सार्वजनिक रस्ता, पूल, ठरवून दिलेले सज्जे, यांतून उत्तम फोटो मिळतात. टेहॅचपीचं वेटोळं तर रस्त्यावरूनच बघायचं असतं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. चालकाला बघून जोरजोरात हात किंवा टोपी हलवू नका. रुळांजवळ कुणी काहीही जोरात हलवताना दिसलं तर तो थांबण्याचा इशारा मानायचा, असं रेल्वेच्या नियमांत आहे. दोन टक्के चढावर आठ हजार टन थांबवून पुन्हा हलवायचे म्हणजे काय, हे तुम्हाला आता माहीत आहे. हात एकदा शांतपणे वर करा. बहुतेक चालक भोंगा वाजवून दाद देतात. रात्री फ्लॅश मारू नका, एवढं सांगायची गरज पडू नये.

गेल्या खेपेला मी वेटोळ्यावर संध्याकाळी होते. रेडिओवर यंत्राने ५०८ आस सांगितले होते. पुढची तीन इंजिनं खालच्या बोगद्यातून वर आली, टेकडीला वळसा घालून बोगद्याच्या माथ्याकडे निघाली. उन्हं इतकी तिरपी होती की चाकांपुढे फुंकलेली वाळू सोन्याच्या भुकटीसारखी चमकत होती. मी क्लिक केलं नाही. थांबले. इंजिनं बोगद्याच्या माथ्यावर पोहोचली, खाली वाघिणी बोगद्यात शिरतच होत्या, आणि सगळ्यात शेवटी मागचं एकटं इंजिन वळणावर आलं. तेव्हा मी शटर दाबलं. फोटोत वर तोंड आहे, खाली शेपूट आहे, मधे टेकडीवर पांढरा क्रूस आहे, आणि डावीकडे एका वाळक्या ओक झाडाचा सरळ बुंधा, ज्याच्याशी ताडून बघितलं की रूळ किती चढताहेत ते कळतं.